लढाईचा विस्तार : ‘द कॉन्करर्स’च्या घडणीतले अनुभव

‘एज ऑफ एम्पायर्स 2 : द एज ऑफ किंग्ज’ हा मध्ययुगीन युद्धनीतीचा संगणकीय खेळ सप्टेंबर 1999 च्या अखेरीस बाजारात आला आणि ऑगस्ट 2000 मध्ये त्याचा ‘द कॉन्करर्स’ हा एक्सपान्शन पॅक, म्हणजे विस्तार, निघाला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस इथे असलेल्या एन्सेम्बल स्टुडिओजने दोन्ही घडवले आणि मायक्रोसॉफ्टने ते प्रकाशित केले. दोहोंमध्ये अकरा महिन्यांचे अंतर होते. एवढ्या वेळात पाच नव्या संस्कृती, नवे सैनिक, जुन्या तेरा संस्कृतींसाठी प्रत्येकी किमान एक खास युद्धतंत्र, चार मोहिमा आणि नवे नकाशे उभे राहिले. प्रमुख डिझायनर होते सँडी पीटरसन. 1981 मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ हा टेबलावर खेळायचा भयखेळ लिहिणारे आणि पुढे ‘डूम’ व ‘क्वेक’साठी काम केलेले हे गृहस्थ एन्सेम्बलमध्ये आले तेव्हाच या क्षेत्रात मुरलेले होते.

नवा खेळ आणि विस्तार ही दोन वेगळी कामे आहेत. नवा खेळ करणाऱ्याला काहीही मोडून पुन्हा बांधता येते. विस्तार करणाऱ्याच्या हाती आधीच चालत असलेले यंत्र असते आणि ते रोज रात्री चालवणारी माणसे जगभर बसलेली असतात. त्यांना त्या यंत्राच्या खोडी कधी कधी घडवणाऱ्यांपेक्षाही जास्त माहीत असतात. आवडलेली गोष्ट काढून घेतली तर ती चिडतात, आणि वर ठेवलेली नवी गोष्ट निरुपयोगी निघाली तर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एन्सेम्बलमध्ये ही कसोटी घरातच लागायची. रचना कागदावर पूर्ण करण्यापेक्षा खेळता येईल असा कच्चा नमुना लवकर उभा करायचा, स्टुडिओतल्या सगळ्यांनी तो खेळायचा आणि खेळून झाल्यावर मत द्यायचे, असा तिथला शिरस्ता होता. सिड मायर यांच्यासोबत ‘सिव्हिलायझेशन’वर काम केलेले ब्रूस शेली तिथे होते आणि या पद्धतीविषयी त्यांनी पुढे लिहिलेही आहे.

‘द कॉन्करर्स’मधले नवे सैनिक वरवर पाहता रंगीत खेळणी वाटतात. त्यांच्या मुळाशी मात्र साधी वजाबाकी आहे. एका सैनिकाने दुसऱ्यावर वार केला की हल्ल्याच्या गुणांतून समोरच्याच्या चिलखताचे गुण वजा होतात. त्या जातीच्या शत्रूविरुद्ध काही जादा मारा असेल तर तो मिळवला जातो आणि उरलेला आकडा शत्रूच्या जीवातून कमी होतो. खेळाचा ‘बॅलन्स’ म्हणून ज्यावर तासन्तास वाद चालतात, तो सगळा अशा आकड्यांतून उभा राहतो.

घोडदळाचे उदाहरण घेऊ. मूळ खेळात भालाईत आणि त्याच्या वरचा पाइकमन हे घोडेस्वारांवरचे उत्तर होते. विस्तारात त्याच्याही वरची पायरी आली, हॅल्बर्डियर. त्याचा मूळ हल्ला 6 आणि घोडदळाविरुद्ध जादा मारा 32. समोर पॅलाडिन, म्हणजे सर्वांत जड घोडेस्वार, त्याचे चिलखत 2 आणि जीव 160. लोहारखान्यातल्या सुधारणा दोघांकडेही नाहीत असे धरले तर प्रत्येक वार 36 चा पडतो आणि पॅलाडिन पाचव्या वाराला कोसळतो. त्याच विस्तारात घोडदळाच्या बाजूनेही एक सुधारणा आली. ब्लडलाइन्स हे तिचे नाव आणि प्रत्येक स्वाराला 20 जादा जीव हे तिचे काम. आता पॅलाडिनचा जीव 180 होतो. 36 पाचे 180! म्हणजे तो पुन्हा पाचव्याच वाराला पडतो. पैसे खर्च झाले, वेळ गेला आणि हॅल्बर्डियरसमोर फरक काहीच पडला नाही. पण खालच्या पायरीवरच्या साध्या नाइटचा जीव 100 वरून 120 झाला तर तो तीनऐवजी चार वार सोसतो. तिथे तेच 20 गुण एका अख्ख्या वाराच्या मोलाचे ठरतात.

या हिशेबात फ्रँक लोकांचे काय करायचे हा प्रश्न येतो. त्यांच्या नाइटांना मूळ खेळापासूनच 20 टक्के जादा जीव होता आणि त्यावरच त्यांचे नाव होते. ब्लडलाइन्स त्यांनाही दिली असती तर त्यांना आवरणे अवघड झाले असते. म्हणून त्यांना ती मिळालीच नाही. परिणामी इतरांचा नाइट पैसे मोजून 120 वर पोहोचतो, तर फ्रँकांचा नाइट पहिल्या दिवसापासून फुकटात 120 वर असतो. पॅलाडिनपर्यंत मजल गेली की फ्रँकांकडे 192 आणि ब्लडलाइन्सवाल्यांकडे 180 अशी स्थिती होते आणि हॅल्बर्डियरला फ्रँकासाठी सहावा वार करावा लागतो. बारा गुणांची ही तफावत पडद्यावर कुणाला दिसत नाही. पण चाळीस स्वारांची धडक बसते तेव्हा कुणाचे स्वार जिवंत परततात, हे तीच ठरवते. विस्तारातले सर्वांत नाजूक काम बहुधा हेच असते. एखादी सुधारणा कुणाला द्यायची याइतकाच ती कुणाला नाकारायची याचाही विचार करावा लागतो.

हॅल्बर्डियरची दुसरी खुबी त्याच्या किमतीत आहे. तो अन्न आणि लाकूड यांवर तयार होतो, त्याला सोने लागत नाही. नाइटला 60 अन्न आणि 75 सोने मोजावे लागते. लांबलेल्या डावात नकाशावरच्या सोन्याच्या खाणी संपतात आणि मग बिनसोन्याच्या फौजांचे युद्ध सुरू होते. खेळाडूंच्या बोलीत याला ‘ट्रॅश वॉर’ म्हणतात. मूळ खेळात अशी फौज दुबळीच होती. विस्ताराने भालाइतांच्या ओळीत हॅल्बर्डियर आणि हलक्या घोडदळाच्या ओळीत हुसार आणला, आणि हुसार निव्वळ अन्नावर तयार होतो. त्यामुळे सोने संपल्यावर रेंगाळणाऱ्या डावाला दम आला. लढाईवर भर देणाऱ्या विस्ताराचे श्रेय लोक सहसा कोरियनांच्या कासवनौकांसारख्या ठळक शस्त्रांना देतात. हॅल्बर्डियर आणि हुसार या दोन गरीब शिपायांना ते कमीच मिळते.

जुन्या तेरा संस्कृतींना दिलेली खास तंत्रेही याच हिशेबाने आली. ब्रिटनांच्या तिरंदाजांचा पल्ला एका घराने वाढला, गॉथांच्या बराकीतून शिपाई भराभर बाहेर पडू लागले, मंगोलांची वेढ्याची यंत्रे एकाएकी चपळ झाली, बायझंटाइनांचे कॅटाफ्रॅक्ट घोडेस्वार शेजारच्या शत्रूंनाही तुडवू लागले. यांतल्या बहुतेकांत त्या त्या लोकांची आधीची खोड गडद करण्याचे धोरण दिसते. सगळ्यांना सगळे देऊन समान करण्यापेक्षा हा मार्ग अधिक धोक्याचा होता, पण खेळ टिकला तो त्यामुळेच.

नव्या पाच संस्कृतींपैकी हूण, स्पॅनिश आणि कोरियन या तिघांचा सांगाडा जुन्या चौकटीत बसणारा होता. हूणांना घरे बांधावी लागत नाहीत, एवढा एक बदलही डावाचा वेग पालटतो. अ‍ॅझ्टेक आणि माया यांनी मात्र डिझायनरांपुढे खरा पेच टाकला. कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेत घोडा नव्हता, आणि या खेळात तर पहिल्या मिनिटाला प्रत्येकाच्या हाती टेहळणीचा घोडेस्वार असतो. डावाच्या मध्यावर नाइट नसतील तर मठातले साधू आणि वेढ्याची यंत्रे कोणी कापायची? तबेलाच नसलेल्या या दोन संस्कृतींसाठी बराकीतून निघणारा ईगल वॉरियर तयार झाला. तो पायदळातला असूनही वेगवान आहे, बाणांना फारशी दाद देत नाही आणि साधूंच्या धर्मांतराला सहजी बळी पडत नाही. घोडदळाची बरीचशी कामे घोड्याशिवाय करणारा हा सैनिक त्या अकरा महिन्यांतली सर्वांत चांगली कल्पना म्हणायला हरकत नाही. इतिहासाची अडचण पाळूनच तिच्यातून खेळाची नवी चाल निघाली.

कोरियनांची गोष्ट वेगळी आहे. ते उशिरा, बाजारपेठेकडे बघून आले. दक्षिण कोरियात त्या काळी ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाने उच्छाद मांडला होता आणि तिथल्या खेळाडूंना ओढून घेण्याची प्रकाशकांची इच्छा होती, असे पीटरसन यांनी पुढे सांगितले आहे. कासवनौका आणि वॉर वॅगन ही त्यांची दोन खास शस्त्रे. पाचव्या शतकातले हूण आणि सोळाव्या शतकातले स्पॅनिश कॉन्किस्तादोर एकाच रणांगणावर उतरवणाऱ्या खेळात इतिहासाचा आग्रह कुठवर धरायचा, हा प्रश्न एरवीही होताच. हूणांनी ट्रेब्यूशे हे दगडफेके यंत्र ओढत न्यावे हे इतिहासाच्या शिक्षकाला खुपेल. खेळाडूला नाही खुपत.

या विस्तारातला लढाईवर सर्वांत खोल परिणाम करणारा बदल मात्र कुठल्याही शस्त्रात नाही. तो चक्कीच्या एका बटणात आहे.

या खेळात फौज उभी राहते ती गावकऱ्यांच्या कष्टावर, आणि डाव मध्यावर आला की बहुतेक अन्न शेतातून येते. एक शेत 60 लाकडांत तयार होते, सुधारणांशिवाय त्यातून 175 अन्न निघते आणि मग ते ओसाड पडते. ‘एज ऑफ किंग्ज’मध्ये ओसाड शेत प्रत्येक वेळी खेळाडूने स्वतः जाऊन पुन्हा पेरायचे होते. वीस-पंचवीस शेते असली की सतत कुठले ना कुठले शेत संपलेले असायचे. सीमेवर तिरंदाज मरत आहेत आणि सेनापती मात्र घरी पेरणीत गुंतला आहे, असे दृश्य दर डावात दिसे. ‘द कॉन्करर्स’ने चक्कीवर शेतांची रांग लावण्याची सोय केली. लाकूड आधीच भरून ठेवायचे, शेत संपले की गावकरी ते आपणच पेरतो. शिवाय लाकडाचा किंवा खाणीचा तळ बांधून झाला की बांधणारे गावकरी न सांगता तिथल्या कामाला लागू लागले.

हा विचार त्या स्टुडिओत नवा नव्हता. 1998 मधल्या ‘द राइज ऑफ रोम’ या पहिल्या विस्तारात त्यांनी सैनिकांची रांग लावण्याची सोय दिली होती. त्याआधी प्रत्येक शिपायासाठी वेगळे बटण दाबावे लागे. ‘एज ऑफ किंग्ज’मध्ये रिकामा बसलेला गावकरी शोधून देणारे बटण आले. म्हणजे तीन वर्षे ही मंडळी खेळाडूच्या हातातले एकेक फुटकळ काम काढून घेत होती. वाचलेले क्लिक कुठे गेले, हे पुढच्या डावांत दिसते. जखमी स्वार मागे घेणे, ओनेजर या दगडफेक्या यंत्राचा दगड येताना तिरंदाजांची फळी फोडणे, पायदळ भिंतीफोड्या रॅमच्या पोटात बसवून तो धावत नेणे, असल्या बारीक हालचालींना वेळ मिळू लागला. रॅममध्ये शिपाई बसवण्याची सोयही याच विस्तारातली. ओनेजरच्या जवळ आपलीच माणसे असताना त्याने आपणहून दगड न टाकण्याचा शहाणपणाही याच वेळी आला. त्याआधी आपल्याच दगडाखाली आपले शिपाई चिरडले जाणे हा रोजचाच विनोद होता.

लढाई जितकी दाट होते, तितका ताण पडद्यामागच्या जोडणीवर येतो. या मालिकेच्या नेटवर्कचे काम करणाऱ्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी 2001 मध्ये आपला अनुभव लिहून ठेवला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 28.8 च्या मॉडेमवरचे 1500 तिरंदाज आहेत, आणि तेच त्यांचे गणित होते. पहिल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’चे काम सुरू झाले तेव्हा बहुतेक घरांत टेलिफोनवरून चालणारा मॉडेम होता. प्रत्येक सैनिक कुठे आहे, काय करतो आहे, किती जखमी आहे, हे तारेवरून पाठवायचे ठरवले तर फार तर 250 हलते सैनिक परवडतील, असा हिशेब निघाला. आठ खेळाडूंच्या खेळाला ते पुरणारे नव्हते. ‘एज ऑफ किंग्ज’ आणि ‘द कॉन्करर्स’मध्ये एका खेळाडूला 200 पर्यंत माणसे ठेवता येतात, म्हणजे आठ जणांची 1600 झाली.

यावरचा तोडगा असा की सैनिकांची माहिती पाठवायचीच नाही. प्रत्येक संगणक संपूर्ण युद्ध स्वतःपुरते खेळतो आणि तारेवरून जातात त्या फक्त खेळाडूंच्या आज्ञा. वेळेचे साधारण पाव सेकंदाहून लहान तुकडे केलेले असतात. या तुकड्यात दिलेली आज्ञा दोन तुकड्यांनंतर सगळ्या संगणकांवर एकदम अमलात येते. मधल्या वेळात ती सगळीकडे पोहोचलेली असते. एखाद्याचा संगणक किंवा जोडणी मंद असेल तर सगळ्यांचा खेळ त्याच्या चालीने चालतो.

या पद्धतीचा अट्टाहास असा की आठही संगणकांवरचे युद्ध तंतोतंत सारखे असले पाहिजे, नशिबाचे फासेसुद्धा. जरा फरक पडला की डाव मोडतो. नकाशा तयार होताना एका संगणकावर एक हरीण किंचित वेगळ्या दिशेला उभे राहिले, काही मिनिटांनी त्यामुळे शिकाऱ्याचा भाला चुकला, मांस घरी आले नाही आणि मग दोन संगणकांवर दोन वेगळी साम्राज्ये वाढू लागली. हे उदाहरण त्या लेखातच आहे. असा दोष जिथे दिसतो तिथे झालेला नसतो, मूळ बरेच मागे असते. म्हणून नोंदींच्या प्रचंड फाइली चाळून पहिला फरक कुठे पडला ते शोधायचे, हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण. विस्तारात आलेला प्रत्येक नवा सैनिक आणि प्रत्येक तंत्र या शिस्तीत बसवावे लागले. रॅमच्या पोटात किती शिपाई बसले याची मोजदादही आठही ठिकाणी एकच यावी लागते.

त्याच लेखातल्या काही नोंदी लढाईविषयी बरेच सांगून जातात. खेळाडू सरासरी दीड-दोन सेकंदांना एक आज्ञा देतात, पण धुमश्चक्री पेटली की हा वेग सेकंदाला तीन-चार आज्ञांवर जातो. त्यांतल्या पुष्कळशा एकच आज्ञा चिडून पुन्हा पुन्हा दिलेल्या असतात. अशा आवृत्त्या गाळून टाकल्यावर ऐन युद्धातला तारेवरचा भार उतरला. दुसरी नोंद विलंबाची. पाव सेकंदापर्यंतचा विलंब बहुतेकांना कळतही नाही आणि अर्ध्या सेकंदापर्यंत खेळ चालतो. सतत अर्ध्या सेकंदाचा विलंब लोक पत्करतात, पण कधी पटकन तर कधी उशिरा असा लहरी प्रतिसाद त्यांना सहन होत नाही. तेव्हा वेग थोडा कमी करून तो एकसारखा ठेवणे पसंत केले गेले. या रचनेची एक दुखरी बाजू राहिलीच. प्रत्येक संगणकावर सगळे युद्ध हजर असल्याने झाकलेला नकाशा उघडून पाहणाऱ्या लबाडांना पूर्णपणे रोखता येत नाही.

एकट्याने खेळायच्या मोहिमांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अ‍ॅटिला, एल सिड आणि माँटेझुमा या तीन सलग कथा आणि चौथ्या भागात सुट्या आठ लढाया अशी मांडणी आहे. 732 ची तूरची लढाई, 1066 ची हेस्टिंग्ज, 1071 ची मांझिकर्ट, 1415 ची अ‍ॅजिनकोर्ट, 1571 ची लेपांतो, 1598 ची नोर्यांग ही त्यांतली प्रसिद्ध नावे. चौथा भाग सर्वांत लढाऊ आहे. एक प्रसंग संपला की पुढच्याशी संबंध नाही, थेट नव्या रणात. कथा सांगण्याच्या दृष्टीने तो तुटक वाटतो, पण कामावरून थकून आलेल्या माणसाला एका रात्रीत एक अख्खे युद्ध संपवता येते.

‘द कॉन्करर्स’ त्याच्या निर्मात्यांपेक्षा जास्त जगला. मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग झोनवरची ऑनलाइन खेळण्याची सोय 2006 मध्ये बंद झाली आणि एन्सेम्बल स्टुडिओज 2009 च्या जानेवारीत मिटला. खेळाडू दुसऱ्या ठिकाणी जमले, मुख्यतः व्हूब्ली या ऑनलाइन सेवेवर, आणि तिथे अनेक वर्षे याच विस्तारातल्या आकड्यांवर स्पर्धा होत राहिल्या. ते आकडे बदलायला आता कोणी नव्हते, त्यामुळे हूण प्रबळ आणि कोरियन मंद हे जवळजवळ निसर्गनियमासारखे स्वीकारले गेले. 2012 च्या अखेरीस हौशी मंडळींनी ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ नावाचा आपला विस्तार फुकट उपलब्ध केला. 2013 मध्ये मूळ खेळाची एचडी आवृत्ती निघाली तेव्हा त्याच मंडळींच्या कामाला अधिकृत मान्यता मिळाली आणि त्यात भारतीय ही संस्कृतीही आली. शेते आपोआप पेरली जावीत म्हणून आता चक्कीवर रांगही लावावी लागत नाही. 2019 च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीत त्या सोयीचे बटण एकदा चालू केले की पुरते.

एप्रिल 2022 मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार आला. एकसंध भारतीयांच्या जागी हिंदुस्थानी राहिले आणि गुर्जर, बंगाली, द्रविड हे तीन नवे पक्ष जोडले गेले. या चौघांनाही युरोपीय पद्धतीचे नाइट नाहीत, म्हणजे घोड्याविना अ‍ॅझ्टेकांना उभे करताना आलेला पेच जवळपास बावीस वर्षांनी पुन्हा समोर आला. या वेळी उत्तर हत्तींमध्ये शोधले गेले. वेढ्याच्या कामी लाकडी रॅमऐवजी चिलखती हत्ती दिले गेले. ते दरवाजे आणि भिंती फोडतात, पण त्यांच्या पोटात शिपाई बसवता येत नाहीत.